बंड्यानं गिळलेली कोय

मे महिन्यात इथे न्यू जर्सीत केशरची पेटी मिळाली की आमच्या घरी सणच असतो. यंदा कराडहून आई आली होती, म्हणून शनिवारी आमरसाचा बेत केला. रविवारी रात्री आमच्या पाच वर्षांच्या लॅब्रेडॉरला, बंड्याला, उलट्या सुरू झाल्या.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "काही वेगळं खाल्लंय का?" मी ठामपणे "नाही" म्हणालो. पोट बिघडलं असेल म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मंगळवारी मात्र पाणीसुद्धा पोटात ठरेना. शी बंद. पोटाला हात लावला की कण्हायचा. रात्री अकराला इमर्जन्सीत नेलं. आईही हट्टानं गाडीत बसली.

एक्स-रेत आतड्याची वेटोळी हवेनं टम्म फुगलेली दिसत होती, पण अडकलेली वस्तू दिसेना. हाड, धातू एक्स-रेत उठून दिसतात. लाकूड, कापड पुष्कळदा दिसत नाही. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर एक वाकडी पांढरी कड आणि तिच्यामागे काळी सावली. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं. मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "कोय आसंल रे. मीच दिली चोखायला. तू रागावशील म्हणून बोलले नाही."

आदल्याच आठवड्यात त्याला पोळीचा तुकडा दिला म्हणून मी तिच्यावर खेकसलो होतो.

आधी काही तास सलाइन दिलं. उलट्यांमुळे अंगातलं पाणी आणि क्षार गेलेले असतात. ते भरून न काढता भूल देणं धोक्याचं. पहाटे ऑपरेशन झालं. वस्तू अडकते तिथलं आतडं ताणून सुजलेलं असतं, म्हणून छेद तिच्या पुढच्या निरोगी भागावर घेतात. ती काढून टाके घालतात आणि सलाइन भरून टाके झिरपत नाहीत ना, हे तपासतात. आतडं काळं पडून मेलं असेल तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. बंड्याचं आतडं जांभळं झालं होतं, पण कोय निघाल्यावर रंग परत आला. कापावं लागलं नाही.

खरी धास्ती पुढचे पाच दिवस होती. टाके आतून सुटले तर पोटात संसर्ग पसरतो. पुन्हा उलटी, ताप, मलूलपणा दिसला तर तडक या, असं बजावलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मऊ अन्न आई वाटीनं मोजून, थोडं थोडं भरवायची. रात्री त्याच्याजवळच चटई टाकून झोपायची. बिल साडेपाच हजार डॉलर झालं. विमा होता म्हणून निभावलं.

मंडळी, कोय, मक्याच्या कणसाचा दांडा, हाडं, मोजे कुत्र्यापासून लांब ठेवा. गिळल्याचा संशय आला तर मनानं उलटी करवू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं. गावाकडून आई-बाबा आले की इथले नियम त्यांना सांगा, पण शांतपणे. आणि डॉक्टरांना "काही खाल्लं नाही" असं सांगण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. मी आईला विचारलंच नव्हतं.