कमिशनिंगच्या कामाला गिऱ्हाईक कसे मिळत गेले

नव्या इमारतीतील वातानुकूलन, वीजपुरवठा, अग्निशमन आणि नियंत्रणयंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात की नाही, हे मालकाच्या वतीने तपासून त्याची लेखी नोंद देणे म्हणजे कमिशनिंग. उत्तर अमेरिकेत या सेवेचा बाजार गेल्या पाच दशकांत उभा राहिला. ती विकणे सुरुवातीपासून जिकिरीचे होते. ठेकेदाराला पुरते पैसे मोजल्यावर त्याचेच काम तपासायला आणखी पैसे कशाला, हा मालकाचा प्रश्न ठरलेला असे आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

कॅनडाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७७ मध्ये आपल्या प्रकल्पांत ही पद्धत आणली. १९८१ च्या सुमारास डिस्नेने फ्लोरिडातील एपकॉटच्या उभारणीत ती वापरली. या दोघांनाही बांधलेली वास्तू पुढे स्वतःच चालवायची होती, बिघाडाचा भुर्दंड स्वतःच सोसायचा होता. गाळे विकून मोकळा होणारा बिल्डर या सेवेच्या वाटेला फारसा गेला नाही. त्यामुळे विद्यापीठे, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या हेच पहिले गिऱ्हाईक ठरले आणि कामेही बहुधा देखभालप्रमुखांच्या ओळखीतून मिळत. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये समिती नेमली आणि १९८९ मध्ये मार्गदर्शिका काढली. तेव्हा कुठे प्रस्तावात बोट ठेवून दाखवायला एक अधिकृत कागद हाती आला.

बाजाराला खरे वळण दिले ते लीड या हरित मानांकनाने. २००० च्या आवृत्तीत मूलभूत कमिशनिंग ही पूर्वअट होती. ते केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. अधिक सखोल तपासणीला वेगळा गुण होता. काम मिळवणाऱ्यांचा दिनक्रमच त्यामुळे बदलला. मालकाला पटवण्याऐवजी वास्तुविशारदाच्या कार्यालयात खेपा सुरू झाल्या, कारण मानांकनाचा निर्णय तिथे लवकर कळे. मात्र सक्तीने मागणी आली तशी दरांची घसरणही आली. ज्याला केवळ प्रमाणपत्र हवे, तो सर्वांत स्वस्त प्रस्ताव उचलतो. तपासणी मग तक्त्यावर खुणा करण्यापुरती उरते.

दराच्या या ओढाताणीत विक्रेत्यांना आकड्यांचा आधार मिळाला. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००४ मध्ये २२४ आणि २००९ मध्ये ६४३ इमारतींचा अभ्यास मांडला. दुसऱ्या अभ्यासानुसार जुन्या इमारतींत मध्यक खर्च चौरस फुटाला ३० सेंट, ऊर्जाबचत १६ टक्के आणि खर्च वसूल होण्याचा काळ १.१ वर्ष होता. नव्या इमारतींत हाच काळ ४.२ वर्षे. हे आकडे वर्षानुवर्षे प्रस्तावांत झळकत राहिले. पण बैठकीत मालकाला पटते ते बहुधा दोष-नोंदवहीतले एखादे पान. गार पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, म्हणून हवा नको तितकी गार होते. पुढची हीटिंग कॉइल ती पुन्हा तापवते. खोलीचे तापमान बरोबर, म्हणून तक्रार कोणाचीच नाही. बिले मात्र दोन्हीकडची चढतात.

२००७ च्या अमेरिकी ऊर्जा कायद्याने ठरावीक संघीय इमारतींची तपासणी दर चार वर्षांनी बंधनकारक केली. काही वीजकंपन्याही जुन्या इमारतींच्या तपासणीचा खर्च उचलू लागल्या. एकदाच मिळणारे काम अशा ठिकाणी फिरून फिरून येऊ लागले.

भारतात हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज केंद्राला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मिळाले आणि इथल्या सल्लागारांना या कामाची दारे उघडली. पुण्यातील सुझलॉनचे वन अर्थ संकुल हे महाराष्ट्रातले ठळक मानांकित उदाहरण. तरी इथली अडचण निविदेतच आहे. एसआयटीसी, म्हणजे पुरवठा, उभारणी, चाचणी आणि कमिशनिंग, हे सारे एकाच ठेकेदाराच्या एकाच दरात बसवलेले असते. 'कमिशनिंग तर निविदेत आहेच' असे म्हणणाऱ्या मालकाला ठेकेदाराची चाचणी आणि त्रयस्थाची चाचणी यांतला फरक समजावण्यातच पहिली बैठक सरते.

डेटा सेंटरमध्ये हे समजावणे फारसे लागत नाही, कारण काही मिनिटे वीज गेल्याचा फटका मालकाला आधीच ठाऊक असतो. इथे चाचणी सहसा पाच टप्प्यांत होते : कारखान्यातील तपासणीपासून सर्व यंत्रणांच्या एकत्रित चाचणीपर्यंत. शेवटच्या टप्प्यात सर्व्हरऐवजी लोड बँक म्हणजे उष्णता फेकणारी विद्युतभार-यंत्रे लावतात आणि बाहेरचा पुरवठा मुद्दाम तोडतात. यूपीएसने भार लगेच पेलला का, जनरेटर वेळेत सुरू झाला का, चिलर परत चालू होईतो दालन किती तापले, हे सगळे नोंदले जाते. ऐरोली-महापे पट्ट्यातही अशी केंद्रे उभी राहिली आहेत. या क्षेत्रात गिऱ्हाईक मोजकेच, पण एकेकाच्या जागा अनेक. पहिले काम चोख झाले तर पुढची इमारत त्याच चमूकडे येण्याची शक्यता मोठी. नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुने सांभाळण्याकडे व्यवसायवृद्धीचा भर वळला तो त्यामुळेच. प्रस्तावात आता कंपनीच्या नावाइतकीच चाचणी घेणाऱ्या अभियंत्यांची नावे वाचली जातात, आणि ते अभियंते त्या महिन्यात मोकळे आहेत का, हे दर ठरण्याआधीच विचारले जाते.