देगलूर-भोकरवरून गेलेले त्रिकोण

नांदेड जिल्ह्याचा नकाशा उघडा. देगलूर, बिलोली, भोकर ही गावे जवळजवळ एकाच उभ्या पट्ट्यात, ७७ अंश ४० कला रेखांशाच्या आसपास दिसतील. लातूरकरांना हा पट्टा उदगीरच्या पूर्वेला सापडेल. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्बटन यांची मोजणी याच पट्ट्यातून उत्तरेकडे सरकली. १८०२ साली मद्रासजवळ तिला आरंभ झाला होता. कंपनी सरकारला हा निजामी मुलूख अनोळखी होता. (इथल्या गुराख्याला तो अनोळखी नव्हता, हे वेगळे!)

आता गंमत पाहा. बीदरजवळ दामरगिद्दा येथे १८१५ मध्ये जमिनीवर साखळी टाकून एक रेषा मोजली, ती आधाररेषा. पुढची आधाररेषा १८२२ मध्ये अचलपूरजवळ टाकळखेड्याला. मधले सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर कोणी साखळीने मोजलेच नाहीत. तिथे मोजले ते फक्त कोन!

हे कसे जमते? गोदावरीकाठी पलीकडच्या झाडासमोर उभे राहा. काठाने काटकोनात १०० मीटर चाला आणि तेथून झाडाचा कोन मोजा. तो ७० अंश भरला, तर पात्र २७५ मीटर रुंद. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एका गटाला ७१ अंश मिळाले आणि नदी एकदम १५ मीटरने रुंदावली! दोन्ही गट आपलेच खरे म्हणून भांडत होते.

लॅम्बटनना असली चूक परवडणारी नव्हती, कारण एका त्रिकोणाची काढलेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. म्हणून त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाची चूक झाली, तरी ३० किलोमीटरवर सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. शिवाय एवढ्या मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरतच नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे ती दोनएक विकलांनी जास्त येते. तुमच्या भूमितीच्या पुस्तकातला कागद सपाट आहे, भोकरची जमीन नाही.

साखळीचेही तसेच. १०० फुटी पोलादी साखळी तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साडेतीन मिलिमीटरने लांबते. दहा किलोमीटरच्या रेषेत ही चूक मीटरभराच्या वर जाते. म्हणून साखळीशेजारी तापमापक ठेवावे लागत.

उन्हाळ्यात हवेत धूळ, दूरचा ध्वज दिसत नाही. पाऊस पडला की हवा स्वच्छ होते. म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात शिरले. तिथे तापाने सगळे पथकच अंथरुणाला खिळले. काही माणसे हैदराबाद गाठण्यापूर्वीच मरण पावली. एव्हरेस्टना पुढे प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. त्यांचे नाव शिखराला मिळाले. आठवडेच्या आठवडे टेकडीवर ध्वज सांभाळत बसलेल्या खलाशांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

लॅम्बटन स्वतः हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांचे थडगे तिथेच आहे.

आणि हो, नदीकाठी १०० ऐवजी २०० मीटरांची आधाररेषा घेऊन पाहा. एका अंशाच्या चुकीने आता किती मीटरांचा फरक पडतो?