पाप म्हणजे काय?

पाप ही भोळ्या लोकांस भिवविण्यासाठी रचलेली कल्पना आहे, असे म्हणणारे सुशिक्षित अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही आमच्या भिंगारच्या आलमगीर दर्ग्याकडे बोट दाखवितो. याच परिसरातील छावणीत मार्च १७०७ मध्ये औरंगजेब बादशहा ८८ वर्षांचा होऊन निवर्तला. पित्यास त्याने १६५८ पासून मरेपर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. १६५९ साली वडील बंधू दारा यास ठार करविले. त्यास शासन करील असे न्यायासन पृथ्वीवर नव्हते. तरीही अखेरच्या दिवसांत पुत्रांस लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत तो पापांचे ओझे व पुढील शिक्षेचे भय बोलून दाखवितो. ज्यास कोणीही दंड करू शकत नाही, त्याच्याही मनास जे बोचते, त्यास निव्वळ कल्पना कसे म्हणावे?

मग त्याची व्याख्या काय? सोवळ्याओवळ्यातील चूक म्हणजे पाप नव्हे. दुसऱ्यास जाणूनबुजून दिलेली पीडा, किंवा नकळत दिलेली पीडा कळल्यावरही न निस्तरणे, हे पाप होय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीसाठी कबुली व अनुताप सांगून, पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही सांगितला आहे. बादशहास या तिसऱ्या गोष्टीपुरता अवकाश उरला नव्हता.

शिक्षक असताना आम्ही एका निरपराध मुलास छडी मारली. खरा प्रकार सायंकाळी कळला. परंतु मास्तरांनी मुलापुढे नमावे कसे, म्हणून गप्प राहिलो. पुढे तो गाव सोडून गेला. छडी ही चूक होती. मौन हे पाप.

वाचकहो, घरातील सुनेची वा धाकट्याची क्षमा मागावयाची राहिली असेल, तर आज दिवेलागणीपूर्वी मागून घ्यावी.