कळशी आणि रहाट: वजनें उचलण्याचीं दोन साधनें



सावंतवाडी तालुक्यांत तेरेखोल नदीच्या कांठीं आरोंदा हें गांव आहे. पैलतीर गोव्याचें. तेथें माडांच्या सावलींत माझ्या आत्याचें घर आहे. घरांत नळ येऊन बरींच वर्षें झालीं. परंतु पिण्याचें पाणी विहिरीचेंच, हा तिचा नेम पंचाहत्तरीनंतरही मोडला नव्हता. गेल्या पावसाळ्यांत ती विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पण महिनाभर अंथरुणावर काढावा लागला, आणि ती उठली तेव्हां अर्धी कळशीही तिला उचलवेना. पाटावरून उठतांनासुद्धां भिंतीस हात लावावा लागे.

मुंबईस असणारा तिचा मुलगा म्हणाला, “आईला शहरांतल्या व्यायामशाळेंत यंत्रांवर बसवूं या. तें सुरक्षित.” सून म्हणाली, “यंत्रें कशाला? घरींच हातांत लहान डंबेल्स द्या.” खुद्द आत्या म्हणाली, “तुझा यंत्र माझी कळशी हाडतला काय रे?”

आत्याचा प्रश्न थट्टेचा होता, परंतु विषयाचें मर्म त्यांतच आहे.

विहिरींतून पाणी शेंदतांना रहाटावरचा दोर आपण आपल्याकडे ओढतों. कळशी कोणत्या वाटेनें वर यावी हें रहाटानें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. दोर सुटलाच तर कळशी विहिरींत पडेल, आपल्या पायावर पडणार नाहीं. आतां तीच कळशी कांठावरून उचलून कमरेवर घ्या. आंतलें पाणी हिंदकळतें. भार एका अंगास येतो, म्हणून दुसऱ्या अंगाचे पाठीचे व पोटाचे स्नायू ताठ होतात. घोटे पायरीचा उतार ओळखून तोल सांवरतात. पाणी तेवढेंच; पण पहिलें काम मुख्यत्वें हातांचें व पाठीचें, आणि दुसरें काम पायाच्या आंगठ्यापासून खांद्यापर्यंत सर्व शरीराचें.

व्यायामशाळेंतील यंत्र म्हणजे हा रहाट. लोखंडी पट्ट्यांची एक चळत असते. किती पट्ट्या उचलावयाच्या तें खीळ खोचून ठरवावयाचें, आणि तारदोर, कप्पी व तरफ यांच्या योगानें त्या ठराविक वाटेनें वरखालीं करावयाच्या. उलट डंबेल आणि बारबेल, तसेंच आपल्या जुन्या तालमींतील जोडी, मुद्गल, गदा व नाल, हीं सारीं मोकळीं वजनें. तीं कमरेवरच्या कळशीच्या जातीचीं.

यंत्राची कल्पना फार नवी नाहीं. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताफ झांडर यांनीं 1865 सालीं स्टॉकहोम येथें अशा यंत्रांची संस्था काढली. दुबळ्या व विकल अवयवांस मोजून मापून हालचाल द्यावी हा त्यांचा मुख्य हेतु. भिंतीभर आरसे लावलेल्या आजच्या व्यायामशाळांत त्याची आठवण क्वचितच होते. पुढें 1970 च्या सुमारास अमेरिकेंत आर्थर जोन्स यांनीं ‘नॉटिलस’ नांवाचीं यंत्रें विकावयास काढलीं, आणि त्यांत एक चतुराई होती. ती समजण्यासाठीं हातांत पाण्यानें भरलेला तांब्या धरून कोपर हळूहळू वांकवून पाहा. हात लोंबता असतांना कोपरावर ताण जवळजवळ नसतो. कोपर काटकोनांत आलें कीं तांब्या सर्वांत जड वाटतो. खांद्याशीं पोंचतांना तो पुन्हां हलका होतो. तांब्याचें वजन बदललेलें नसतें. कोपरापासूनचें त्याचें आडवें अंतर बदललेलें असतें. मोकळ्या वजनाचा हा स्वभावच आहे. जोन्स यांनीं ओढ गोल चाकावरून न नेतां शंखासारख्या वांकड्या चाकावरून नेली. त्यामुळें हालचालीच्या प्रत्येक टप्प्यास, स्नायूला पेलेल त्या मानानें, भार कमीअधिक होऊं लागला. नॉटिलस हें शंखधारी सागरी प्राण्याचेंच नांव आहे.

येथेंच एक सांगून ठेवतों. यंत्राच्या पट्टीवर 40 हा आंकडा असला म्हणजे आपण 40 किलो उचलले असें नव्हे. मध्यें एखादी हलती कप्पी असली तर दोरावर निम्माच जोर लागतो. तरुण मंडळींनीं हें ध्यानांत ठेवलें तर पुष्कळ बढाया आपोआप मिटतील.

आतां सुरक्षिततेचा प्रश्न. अमेरिकेंतील इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत 1990 ते 2007 या काळांत वजनांच्या व्यायामानें दुखावून आलेल्यांची पाहणी झाली. अशा दुखापतींची अंदाजी संख्या 9,70,000 च्या घरांत भरली, आणि त्यांपैकीं शेंकडा 90 मोकळ्या वजनांच्या होत्या. एवढ्यावरून आत्याचा मुलगा जिंकला असें कोणी म्हणेल. परंतु हा आंकडा वाचतांना दोन गोष्टी पाहावयास हव्यात. एक, मोकळीं वजनें वापरणारे किती व यंत्रें वापरणारे किती हें त्यांत कळत नाहीं. ज्या रस्त्यावर रहदारी अधिक, तेथें अपघातही अधिक दिसणारच. दुसरी, दुखापतींचें सर्वांत मोठें कारण वजन अंगावर पडणें हें होतें; जवळजवळ दोनतृतीयांश लोक त्यामुळें आले होते. सांधे झिजले किंवा पाठ मोडली ही भीति आपण बाळगतों. प्रत्यक्षांत घात होतो तो बहुधा बेसावधपणें बोटांवर पडणाऱ्या लोखंडानें. म्हणून वजन आपल्या जागीं ठेवावें, येण्याजाण्याच्या वाटेंत टाकूं नये. उताणें पडून छातीवरून बारबेल उचलण्याचा व्यायाम एकट्यानें कधींही करूं नये. हात थकले तर दांडा गळ्यावर येतो आणि सोडवावयास कोणी नसतें.

यंत्रही निरुपद्रवी नाहीं. चळतींत बोट सांपडतें, खीळ अर्धवट बसते. त्याहून सूक्ष्म दोष बैठकीचा. ती मागेंपुढें करतां येते, पण करतो कोण? गुडघ्याचा सांधा आणि यंत्राचा आंस एका रेषेंत नसला तर प्रत्येक हालचालीस गुडघा तिरपा ओढला जातो. आपल्याकडील ठेंगण्या स्त्रिया धिप्पाड पुरुषासाठीं लावून ठेवलेल्या बैठकीवर तशाच बसतात आणि पुढें गुडघा दुखला म्हणजे वयास दोष देतात.

स्पर्धेंतील भारोत्तोलनाची गोष्ट निराळी. 30 जुलै 2022 रोजीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सांगलीच्या संकेत सरगर यांनीं 55 किलो गटांत 113 आणि 135 असे मिळून 248 किलो उचलले. सुवर्णपदक 249 ला गेलें. 139 किलोचा प्रयत्न करतांना त्यांचा उजवा कोपर दुखावला, तरी ते पुन्हां उचलावयास उभे राहिले, आणि रौप्यपदक घेतांना तो हात झोळींत होता. देशासाठीं तें साहस शोभतें. शक्तीच्या शेवटच्या टोकाशीं जाण्याचें गृहस्थास मात्र कांहीं प्रयोजन नाहीं.

मग उपयुक्तता कोणाची अधिक? 2023 सालीं 13 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासून प्रसिद्ध झाले. स्नायूंच्या वाढींत दोन्ही साधनांत फरक आढळला नाहीं. मोकळ्या वजनांवर शिकलेल्यांची प्रगति मोकळ्या वजनांच्या परीक्षेंत सरस ठरली, आणि यंत्रावर शिकलेल्यांचा कल यंत्राच्या परीक्षेंत सरस ठरण्याकडे होता. म्हणजे शरीर जें करतें तेंच शिकतें. आत्याच्या प्रश्नाचें उत्तर हें असें: यंत्र पायांत बळ आणील, पण हिंदकळती कळशी घेऊन पायरी चढण्याची विद्या कळशीच शिकवील.

परंतु मुळांत बळच नसेल तर विद्या शिकावयाची कशी? येथें यंत्राची बाजू मला बळकट वाटते. बॉस्टन येथील एका वृद्धनिवासांत नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ माणसांकडून आठ आठवडे पायांचा भारी व्यायाम करून घेण्यांत आला. बसल्या जागीं गुडघा सरळ करीत कप्पीवरचें वजन उचलावयाचें, एवढाच तो व्यायाम. जे नऊजण शेवटपर्यंत टिकले त्यांच्या मांडीच्या स्नायूंचें बळ सरासरीनें शेंकडा 174 वाढलें. हा वृत्तांत 1990 सालीं प्रसिद्ध झाला, तोंवर नव्वदाव्या वर्षीं स्नायू वाढतो असें फार थोड्यांना वाटत असे. ज्याला उभें राहतांना तोल जाण्याची भीति आहे, त्याला बसवून, वाट आंखून देऊन, पडण्याची धास्ती न ठेवतां श्रम करवितां येतात, हा रहाटाचा मोठा गुण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं 65 वर्षांवरील माणसांना आठवड्यांतून निदान तीन दिवस बळ आणि तोल या दोहोंचा व्यायाम सांगितला, तेव्हां रहाटाच्या जोडीस कळशीही आलीच.

आत्याच्या डॉक्टरांनीं रक्तदाब व हृदय तपासून अनुमति दिली. श्वास रोखून जोर करूं नये, उचलतांना सोडावा, हें बजावलें. प्रथम दोन महिने ती आठवड्यांतून दोनदां शहरांत जाऊन पायांनीं पट्टा लोटण्याच्या यंत्रावर बसे. तेथील मुलें तिला आजी म्हणत, हें तिला मुळींच आवडलें नाहीं. घरीं खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें, पुढें हातांत भरला तांब्या घेऊन तेंच, आणि मग ओसरीच्या पायरीवर चढउतार. सुनेचीं डंबेल्स आलीं, पण तांब्यापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

विहिरीच्या पायरीवरचें शेवाळ तिच्या मुलानें खरवडून काढलें आणि शेजारीं कठडा बसवला. यंत्र कीं मोकळें वजन या वादांत, हें काम सर्वांच्या आधीं करावयास हवें होतें याचें भान आम्हां कोणासच राहिलें नव्हतें. आत्या आतां अर्धी कळशी आणते. ती पूर्ण भरावी कीं नाहीं, यावर घरांत अद्यापि एकमत झालेलें नाहीं.