चिकू मिल्कशेक

चिकू मिल्कशेक (किंवा चिकू शेक) हे पिकलेल्या चिकूचा गर थंड दुधात घुसळून तयार केले जाणारे गोड व दाट पेय आहे. फळाचे प्रमाण वाढवून आणि दूध कमी करून केलेल्या अधिक दाट प्रकारास स्मूदी म्हणतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका चिकूसाठी प्रसिद्ध असून लगतच्या तलासरी तालुक्यातही चिकूच्या बागा आहेत. या पेयाला येणारी सायीसारखी दाटी मलईमुळे नव्हे, तर फळाच्या पूर्ण पक्वतेमुळे येते.

पार्श्वभूमी

चिकू (शास्त्रीय नाव: मनिल्कारा झपोटा) हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील फळ आहे. महाराष्ट्रात १८९८ मध्ये डहाणू तालुक्यातील घोलवड येथे त्याची प्रथम लागवड झाल्याची नोंद आढळते. या भागात 'कालीपत्ती' ही जात प्रामुख्याने घेतली जाते. 'डहाणू घोलवड चिकू' यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे आहे. जून २०२१ मध्ये हा मानांकित चिकू युनायटेड किंग्डमला निर्यात करण्यात आला. झाडाला जवळजवळ वर्षभर फळे येतात. मात्र पिकलेले फळ फार दिवस टिकत नाही. त्यामुळे वाळवलेल्या चकत्या, भुकटी यांसारखे पदार्थ या भागात तयार केले जातात. घरी मऊ पडू लागलेली फळे वेळेत वापरण्याचा सोपा मार्ग म्हणजे मिल्कशेक होय.

महाराष्ट्रीय घरांत दुधात केळे कुस्करून केले जाणारे शिकरण पूर्वापार प्रचलित आहे. मिल्कशेक हा विजेवर चालणाऱ्या मिक्सरमुळे रूढ झालेला त्याच धर्तीचा प्रकार मानता येतो.

फळाची निवड

चिकू झाडावरून कठीण असतानाच उतरवला जातो आणि नंतर काही दिवसांत पिकतो. कच्च्या फळात चीक व टॅनिन भरपूर असते. विद्राव्य टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते, म्हणून कच्चा चिकू खाल्ल्यास तोंडाला मिठी बसते. फळ पिकताना हे टॅनिन अविद्राव्य होते व तुरटपणा नाहीसा होतो. अर्धवट पिकलेले एखादे फळही संपूर्ण पेयाची चव बिघडवू शकते. साखर वाढवून हा दोष दूर होत नाही.

* साल नखाने हलकेच खरवडल्यास आत हिरवा रंग दिसणे व चीक येणे ही फळ अपक्व असल्याची खूण आहे. पिवळसर छटा दिसल्यास फळ तयार आहे असे समजतात.
* तयार परंतु कठीण फळे खोलीच्या तापमानात पिकू द्यावीत. कच्ची फळे शीतकपाटात ठेवल्यास ती नीट पिकत नाहीत.
* दाबल्यावर सर्वत्र सारखे मऊ लागणारे फळ वापरावे. आंबूस वास येणारे फळ टाकून द्यावे.
* सालीवर छिद्र असल्यास बी पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव असू शकतो. असे फळ वापरू नये.

साहित्य (२ ते ३ पेले)

* पूर्ण पिकलेले मध्यम आकाराचे चिकू – ४
* तापवून थंड केलेले दूध – ४०० मिलिलिटर (स्मूदीसाठी २५० मिलिलिटर)
* साखर – १ ते २ चमचे (ऐच्छिक)
* वेलदोड्याची पूड – चिमूटभर

कृती

१. चिकू धुऊन साल काढावी व फोडी कराव्यात. बिया मोजून बाजूला काढाव्यात. बीच्या टोकास आकडा असल्याने ती गिळली गेल्यास घशात अडकण्याचा धोका असतो.

२. स्मूदी हवी असल्यास फोडी ३ ते ४ तास गोठवाव्यात. गोठवलेल्या फोडींमुळे बर्फ घालावा लागत नाही आणि पेय पाणचट होत नाही.

३. प्रथम फोडी व थोडेसे दूध एकत्र वाटून गुळगुळीत करावे. सर्व दूध सुरुवातीलाच घातल्यास फोडी पात्याखाली नीट येत नाहीत व गाठी राहतात.

४. उरलेले दूध व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा थोडा वेळ फिरवावे. चव पाहूनच साखर घालावी.

५. लगेच प्यावे. हवेच्या संपर्काने गर काळसर होतो.

दूध न फाटण्याचे कारण

चिकूत आम्लाचे प्रमाण कमी असल्यामुळे दूध सहसा फाटत नाही. कच्च्या अननसातील ब्रोमेलेन व कच्च्या पपईतील पपेन ही विकरे दुधातील प्रथिनांचे विघटन करतात. त्यामुळे त्या फळांचे दुधातील पेय ठेवल्यास कडवट होते. आयुर्वेदात आंबट फळे व दूध यांचा संयोग विरुद्धाहार मानला आहे.

पोषणमूल्य

चिकूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ८३ किलोकॅलरी ऊर्जा, २० ग्रॅम कर्बोदके आणि ५ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. फळ मुळातच गोड असल्याने साखर टाळता येते. मधुमेही व्यक्तींनी या पेयाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.