ऐन गौरीत पाळी आणि मेडिकलमधली गोळी

मुलुंडच्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी तेरा वर्षांची. ऐन गौरीत तिची पाळी येईलसं वाटतं. मेडिकलवाल्याकडे पुढे ढकलायची गोळी मिळते. देऊ का?"

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत श्रावण लागला की घरोघरी हाच घोर. घरात देव बसायचे, त्यात 'अडचण' नको.

ही गोळी नोरएथिस्टेरॉनची, 5 मिलिग्रॅमची. पाळीआधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि त्याच्या आधाराने टिकलेलं गर्भाशयाचं अस्तर सुटतं. गोळी तो आधार चालू ठेवते. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

या रेणूचा जन्म मेक्सिको सिटीतला. 15 ऑक्टोबर 1951 रोजी सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंटेस या 26 वर्षांच्या विद्यार्थ्याने तो घडवला. मूळ कच्चा माल एक रानकंद, आपल्या कोनफळाचा भाऊबंद! पुढे यातूनच गर्भनिरोधक गोळी आली आणि जगभर नाव झालं ते त्याचे वरिष्ठ कार्ल जेरासी यांचं. पेटंटवर मिरामोंटेसचंही नाव आहे, पण पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच भेटतो. याची मला फार हळहळ वाटते.

आता उत्तर. गोळी अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. तेराव्या वर्षी ती तारीख आणायची कुठून? पहिली काही वर्षं दोन पाळ्यांतलं अंतर 21 ते 45 दिवसांत कितीही असतं. अंदाज चुकला की गोळ्या चालू असतानाही डाग पडतात. शिवाय या औषधाचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून अर्धशिशी आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं. काउंटरवर ते कोण विचारतं? तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका.

आणि खरंच पुढे ढकलायची गरज आहे का? चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो, तर त्यावाचून देह कुणाचा? हा प्रश्न विठ्ठलाच्या भक्तिणीचा आहे, नास्तिकाचा नव्हे. मुलीला गौरीला हळदकुंकू वाहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) राज्यातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. काळजी करायची ती याची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या तारखा तिलाच मांडू द्या. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं किंवा तीन महिने पाळी आलीच नाही, तर सण असो वा नसो, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.