रुमाल भिजला, म्हणून पिक्चर चांगला?

मैत्रिणींनो, पिक्चर पाहून घरी आलं की शेजारीण फाटकातूनच विचारते, "कसा आहे गं? रडू येतं का?" "अगं, दोन रुमाल भिजले!" असं उत्तर मिळालं की तिचं तिकीट पक्कं. साताऱ्यात राजवाड्यापाशी असो की सांगलीत गणपती पेठेत, आपलं परीक्षण बहुतेक एवढ्यावरच संपतं. दिग्दर्शन, छायाचित्रण वगैरे मोठमोठे शब्द वर्तमानपत्रवाल्यांसाठी! पण मेथीची जुडी उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय पिशवीत न टाकणाऱ्या आपण, पिक्चरच तेवढा न पारखता का घ्यावा? रडवलं ते ठीक. पण कशासाठी रडवलं? त्या बाईचं दुःख तिच्या स्वतःच्या कामी आलं, की घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या?

आपल्याच मुलखापासून सुरुवात करू या, आणि तीही नाटकापासून. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशांच्या लोभानं बाप कोवळ्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. पण ते लग्न मोडतं कशानं, आठवतं का? वधूवर सगोत्र निघाले म्हणून! शारदेला हा नवरा नको आहे, एवढं कारण काही पुरेसं ठरत नाही.

त्यानंतर ३८ वर्षांनी, १९३७ साली, प्रभातचा 'कुंकू' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. हे आपटे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावी राहून लिहीत. गाऱ्हाणं शारदेचंच, पण यातली नीरा स्वतःच्या तोंडानं 'नाही' म्हणते. म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लागलंय खरं, पण त्याला नवरा मानायला ती साफ नकार देते. वयात आलेला सावत्र मुलगा अंगचटीला येतो, तेव्हा छडी उचलते. शांता आपटेंच्या डोळ्यांतला तो संताप आजही जुना वाटत नाही. आणि सावत्र लेक सुशीला (शकुंतला परांजपे) नीराची वैरीण होत नाही, मैत्रीण होते. सावत्र नात्याचं असं चित्र त्यानंतरच्या पिक्चरांत शोधून पाहा, दमाल!

एक गोष्ट मात्र मला 'कुंकू'त खटकते. नीराची सुटका होते ती म्हाताऱ्याला पश्चात्ताप होऊन तो जीव देतो तेव्हा. तिनं दार उघडलं नाही, त्यानं उघडून दिलं. केशवराव दाते काम असं करतात की शेवटी आपले डोळे त्याच्यासाठीच भरून येतात. पाहा हं, रुमाल कुणासाठी भिजला ते!

मग आल्या सोशिक बायका. 'वहिनीच्या बांगड्या' (१९५३) मध्ये दिराला मुलासारखं वाढवणारी वहिनी, 'मोलकरीण' (१९६३) मध्ये पोटच्या मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राबणारी आई. सुलोचनाबाईंचा तो चेहरा पाहिला की कोण रडणार नाही? मीही रडते. पण 'मोलकरीण' पाहून आलेल्या किती मुलांनी घरी आल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचललं असेल, अशी एक शंका मनात येतेच. आणि १९९१ चा 'माहेरची साडी'! बायका घोळक्यानं गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. अलका कुबलचं काम खोटं नाही, बाईला अपशकुनी ठरवून होणारा छळही खोटा नाही. पण त्या लक्ष्मीला एकही मैत्रीण नाही, हातात काही काम नाही, एकदा उलट उत्तर द्यायची सोय नाही. मूळ राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली ही गोष्ट आपल्या गावची का वाटली, याचाच विचार करायला हवा.

तमाशापटांना घरंदाज बायकांनी नाक मुरडायची रीत होती. मला तर अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) या रडक्या पिक्चरांपेक्षा जास्त सरळ वाटतो. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची. दोघे भाऊ सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे. साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवते ती लावणी गाणाऱ्या आशाताई जन्मानं सांगलीच्या! यात एका पाटलाचं पाप तमाशाच्या बोर्डावरून, भर गावासमोर चव्हाट्यावर येतं. बाईनं तोंड उघडायचं, गावानं ऐकायचं. उलट 'पिंजरा' (१९७२) दिसायला कितीही देखणा असला, साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू त्यात कितीही मोठे वाटले, तरी मास्तरांच्या घसरणीचा हिशेब तमासगिरिणीच्याच नावावर मांडला जातो. पाय घसरला मास्तरांचा आणि दोष अंगणाला!

'उंबरठा' (१९८२) वर मात्र आपल्यात अजून भांडणं होतात, आणि ती व्हावीत. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा हा जब्बार पटेलांचा पिक्चर. सुलभा (स्मिता पाटील) लहानग्या मुलीला जावेपाशी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून परगावी जाते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा घर सोडते. "हे सगळं ठीक, पण पोरीचं काय?" हा प्रश्न कुठल्याही चार बायकांत निघतोच. प्रश्न चूक नाही. पिक्चर तो अर्धवट सोडतो, हेही खरं. पण नवरा नोकरीसाठी वर्षानुवर्षं मुंबईला राहतो तेव्हा आपण हाच प्रश्न त्याला कधी विचारतो? साताऱ्याच्या कितीतरी घरांनी गिरणीत गेलेला बाप वर्षातून दोनदाच पाहिलेला आहे. पुन्हा असं पाहा, हा पिक्चर सुलभेला मारत नाही, तिला माफी मागायला लावत नाही, आपल्याला हुंदका देऊन मोकळंही करत नाही. रुमाल कोरडाच राहतो आणि डोकं मात्र रात्रभर जागं. मी याला शंभरपैकी ऐंशी देईन. वीस त्या मुलीसाठी कापले.

जावेवरून आठवलं. प्रकाश झा यांचा 'मृत्युदंड' (१९९७) गोष्टीनं बिहारचा, पण चित्रित झाला आपल्या वाईकडे. वांझ म्हणून हिणवलेल्या थोरल्या जावेला (शबाना आझमी) परपुरुषापासून दिवस जातात आणि धाकटी (माधुरी दीक्षित) तिच्या पाठीशी उभी राहते. मारामारी फार आहे, ती सोसावी. दोन जावा एका बाजूला, हे दृश्य त्यासाठी स्वस्तच!

'सैराट' (२०१६) बद्दल एवढंच, की नाचत आत गेलेली पोरं गप्प होऊन बाहेर पडली. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची सगळ्यांना आवडली. पण पोटच्या पोरीनं आर्चीसारखं केलं तर आपण कुठल्या बाजूला असू, हे मोठ्यानं बोलायची आपली हिंमत नाही. 'बाईपण भारी देवा' (२०२३) ला नऊवारी नेसून घोळके गेले. सहा बहिणी, मंगळागौर, पोटभर हसू. सहा घरांचे गुंते फुगड्यांत जरा लवकरच सुटतात, पण पन्नाशीची बाई पडद्यावर मध्यभागी उभी राहिली, हे काय कमी झालं?

'कुंकू' अजून पाहायला मिळतो बरं का. एखाद्या रविवारी दुपारी लेकीला शेजारी घ्या, जमल्यास सासूबाईंनाही. आणि नीरानं छडी उचलली की हळूच दोघींच्या चेहऱ्याकडे बघा.